दोन भागांची रिम घरी उघडावी का?

कापडाचा व्यापारी चाकांवर काय लिहिणार, असे वाचकांना वाटेल. वाटणे साहजिक आहे. परंतु मालेगाव असो, भिवंडी असो की इचलकरंजी, आपल्याकडे सूत येते ते चाकावर आणि कापड जाते तेही चाकावर. शिवाय त्या चाकांचे पंक्चर काढणाऱ्या हातांपैकी कितीतरी हात आपल्याच मोहल्ल्यातले आहेत. तेव्हा हा विषय धंद्याच्या पानावर यायला हरकत नसावी.

विषय सुचला तो आमच्या गल्लीत घडलेल्या एका प्रसंगावरून. सायझिंगचा व्यवसाय करणाऱ्या एका शेजाऱ्यांनी हौसेने एक जुनी जीप घेतली. फौजेतून लिलावात निघालेली, दोन-तीन हात फिरून आलेली गाडी. टायर झिजून गेले होते म्हणून नवे आणले. मुलगा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. तो म्हणाला, दुकानात कशाला नेता, मी घरीच बसवतो. मुलाने हाताने काम करावे ही चांगलीच गोष्ट, म्हणून वडील खुर्ची टाकून बसले आणि आम्ही दोघे-तिघे बघायला उभे राहिलो.

मुलाने डाव्या बाजूच्या मागच्या चाकाखाली जॅक लावला. चाकाच्या मधोमध पाच नट होते. त्यांना पाना लावला तर एकही हलेना. पान्यावर उभा राहिला तरी हलेना. मग त्याची नजर बाहेरच्या बाजूला गोल लावलेल्या आठ नटांवर गेली. त्याला वाटले, चाक यांनीच बसवलेले असणार. पाना लावला, पहिला नट निघाला. दुसरा निघाला. तिसऱ्याला पाना लावला तेव्हा नाक्यावर स्कूटरची पंक्चर काढत बसणारे एक म्हातारे उस्ताद हातातली ट्यूब टाकून ओरडत धावत आले, "अरे रुक! पहले हवा निकाल! हवा निकाल पहले!"

त्यांनी मुलाच्या हातातून पाना काढून घेतला, दोन्ही नट पुन्हा जागेवर बसवून आवळले आणि व्हॉल्व्हची पिन काढली. हवा निघून जायला बराच वेळ लागला. तेवढ्या वेळात कोणी काही बोलले नाही. टायरमध्ये तीस पौंड हवा होती आणि मुलगा चाकाच्या अगदी समोर उकिडवा बसलेला होता.

मग उस्तादांनी समजावले. मधले पाच नट चाकाला हबवर धरतात. बाहेरचे आठ नट रिमच्या दोन भागांना एकमेकांशी धरतात. आणि मधले पाच न हलण्याचे कारण इतकेच, की या जुन्या विलीज जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात. मुलगा ज्या बाजूला फिरवून ते सोडवू पाहत होता त्या बाजूला ते आणखी आवळले जात होते. एक चूक अशी दुसऱ्या चुकीच्या दारात नेऊन सोडते. शिकलेला मुलगा, पण ही गोष्ट कोणत्याही पुस्तकात त्याच्यासमोर आली नव्हती.

आजच्या मोटारींची रिम एकाच तुकड्याची असते. तिच्या मध्यभागी खोलगट भाग असतो, टायरची एक कडा त्या खोलगटीत ढकलली की दुसरी बाजू टॉमीने बाहेर काढता येते. ॲम्बेसिडर आणि फियाटच्याही रिम अशाच होत्या. फौजेच्या जीपसाठी मात्र दुसऱ्या महायुद्धात वेगळी रिम केली गेली. रिमचे दोन भाग, मध्ये टायर आणि ट्यूब, आणि टायरच्या दोन्ही कडा आपापल्या जागी दाबून धरणारे एक पोलादी कडे. फायदा असा, की हवा गेली तरी टायर रिमवरून निसटत नाही आणि गाडी काही अंतर तशीच रेटून नेता येते. रणांगणावर टायर बदलायला यंत्र कुठले? शिपायाने एक पाना घेऊन नट काढायचे, दोन भाग वेगळे करायचे, टायर उचलून बाहेर ठेवायचा. म्हणजे ही रिम मुळातच यंत्राशिवाय, उघड्यावर, एकट्या माणसाला उघडता यावी म्हणून केलेली आहे. ती घरी उघडू नये असे म्हणणारे लोक हे विसरतात.

(जीपचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगून टाकतो. भारतात विलीज जीपची जुळणी ज्या कंपनीने सुरू केली तिचे १९४५ सालचे मूळ नाव 'महिंद्रा अँड मोहम्मद' असे होते. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. कंपनीचे नाव १९४८ मध्ये बदलले. तरुण वाचकांना हे बहुधा ठाऊक नसते.)

आता धोका नेमका किती, याचा हिशेब व्यापाऱ्याच्या पद्धतीने मांडू. जीपच्या टायरचे माप सहाशे सोळा, म्हणजे रिम सोळा इंची. टायरच्या बाजूच्या भिंतीचा जो भाग रिमला बाहेर ढकलतो तो सोळा इंचांपासून साधारण बावीस इंचांच्या वर्तुळापर्यंत धरा. हे क्षेत्रफळ सुमारे १८० चौरस इंच भरते. हवा तीस पौंड म्हणजे प्रत्येक चौरस इंचावर तीस पौंडांचा रेटा. गुणाकार केला की ५,४०० पौंड होतात, म्हणजे जवळजवळ साडेचोवीस क्विंटल. कापसाची एक गाठ १७० किलोची. म्हणजे चौदा गाठींचे वजन रिमच्या दोन भागांना आतून दूर ढकलत असते आणि ते आठ नट त्याला धरून असतात. एकेका नटावर तीनशे किलो. दोन नट काढले की उरलेल्या सहांवर प्रत्येकी चारशे. शेवटी उरलेले दोन-तीन नट तुम्ही काढण्याआधीच आटे सोडतात, आणि तेव्हा रिमचा वरचा भाग कुठे जाईल ते सांगता येत नाही.

आपल्या वाचकांना हे वेगळे समजावण्याची गरज नाही. प्रेसमध्ये दाबलेली गाठ फोडताना लोखंडी पट्टी कापली की ती कशी सणकन उसळते हे प्रत्येक हमालाला माहीत असते. अनुभवी हमाल पट्टीच्या समोर तोंड ठेवत नाही, बाजूला उभा राहून कापतो. दाबलेला कापूस आणि दाबलेली हवा यांत स्वभावाचा फरक नाही. फक्त कापूस दिसतो, हवा दिसत नाही.

तर मग घरी करावे का? माझे मत स्पष्ट आहे. नट-बोल्टांनी जोडलेली दोन भागांची रिम घरी जरूर उघडावी, परंतु पद्धत पाळूनच. पद्धत उस्तादांनी त्या दिवशी दाखवली ती अशी.

गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर घ्यावी, गिअरमध्ये ठेवावी, बाकीच्या चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत. चाक गाडीवर असतानाच व्हॉल्व्हची पिन काढावी. पिन सैल करून फुस्स आवाज ऐकला म्हणजे झाले असे नाही, ती पूर्ण बाहेर काढायची. आवाज थांबला की व्हॉल्व्हमध्ये बारीक तार घालून पाहायचे, कारण जुन्या ट्यूबमध्ये कचरा अडकून तोंड बंद होते आणि आत हवा तशीच राहते. त्यानंतर टायर हाताने दाबून पाहायचा. तो दबला पाहिजे. एवढे होईपर्यंत पाना पेटीतच राहू द्यावा. मग मधले नट काढून चाक उतरवावे आणि जमिनीवर आडवे टाकावे.

टायरची कडा वर्षानुवर्षे गंजाने रिमला चिकटलेली असते. कारागीर या कडेला बीड म्हणतात, तिच्या आत पोलादी तार असते. ती सोडवायला साबणाचे पाणी सोडावे आणि कडेकडेने लाकडी फळी ठेवून टाचेने दाब द्यावा. घणाचे घाव थेट रिमवर घालू नयेत. बीड सुटली की मगच ते आठ नट एकाआड एक, थोडे थोडे करत काढावेत. वरचा भाग उचलला की आतले कडे, ट्यूब, ट्यूबखालची रबरी पट्टी म्हणजे फ्लॅप, सगळे हाताने निघते. टॉमी घालून कुस्ती करावी लागत नाही. मुलाचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा झाला होता, इतके सोपे काम आणि त्यासाठी आपण काय करून बसलो असतो!

खरे काम यापुढे असते आणि नेमके तिथेच लोक घाई करतात. रिमचे दोन्ही भाग तारेच्या ब्रशने घासून स्वच्छ करावेत आणि उन्हात नेऊन नीट पाहावेत. बोल्टांच्या भोकांभोवती केसाएवढी चीर आहे का? भोके लांबट झाली आहेत का? बोल्टांचे आटे खाल्ले गेले आहेत का? गंजाने पत्रा पापुद्र्यासारखा सुटतो का? यांपैकी एकही दोष असेल तर ती रिम भंगारात द्यावी. आपल्याकडे हा सल्ला कोणाला आवडत नाही. आपण म्हणतो, चीर आहे तर वेल्डिंग मारू. तापवलेल्या पोलादाची मूळची ताकद राहत नाही, वेल्डिंगच्या शेजारीच नवी चीर पडते आणि ती रंगाखाली दिसत नाही. लूमचा तुटलेला भाग वेल्डिंग करून चालवला आणि पुन्हा तुटला तर कापड बिघडेल. इथे माणूस बिघडतो.

टायरच्या आतून फडके फिरवून खिळा किंवा तार राहिली नाही ना ते पाहावे, हात फिरवू नये. ट्यूबला फ्रेंच चॉक लावावा. फ्लॅप घालायला विसरू नये, नाहीतर रिमच्या जोडाची फट ट्यूबला चावते. ट्यूबमध्ये गोल आकार येण्यापुरती थोडीशी हवा भरावी, म्हणजे ती दोन भागांमध्ये चिमटत नाही. नंतर नट समोरासमोरचे, आलटून पालटून आवळावेत. एकाच बाजूने गोल फिरत आवळले तर दोन भाग तिरपे बसतात.

हवा भरताना पुन्हा सावधपणा हवा. पाच पौंड भरून थांबावे, दोन भागांची फट सगळीकडे सारखी आहे का ते पाहावे. नसेल तर हवा पूर्ण सोडून मगच नटांना हात लावावा. हवा असताना नट 'जरासा' आवळणे हीदेखील तीच चूक आहे. एकदा भरलेली हवा सोडून दुसऱ्यांदा भरली म्हणजे ट्यूबच्या आतल्या वळ्या निघतात. भरताना चाक गाडीखाली सरकवून ठेवावे किंवा जाड साखळीने दोन-तीन ठिकाणी बांधावे. नळी लांब असावी, तिचे टोक व्हॉल्व्हला चिमट्याने बसणारे असावे. आणि माणसाने टायरच्या नक्षीच्या बाजूला उभे राहावे, रिमच्या तोंडासमोर कधीही नाही. लहान मुलांना अंगणातून घरात पाठवावे. आपल्या गल्लीत कोणी काही उघडले की दहा पोरे गोल करून बसतात, हे सांगायला नको.

शेवटी उस्तादांनी ब्रश मागवला आणि ते आठही नट लाल रंगवले. ब्रिटिश फौजेत अशा दोन भागांच्या रिमचे नट लाल रंगवण्याची पद्धत होती, ती या बिनशिक्षित माणसापर्यंत कोणत्या वाटेने आली कोण जाणे. लाल नट म्हणजे हवा काढल्याशिवाय हात लावायचा नाही. दोन चमचे रंगाचे काम.

जीप सगळ्यांकडे नसते, पण हीच दोन भागांची रिम आपल्यापैकी बहुतेकांच्या आयुष्यात येऊन गेली आहे. जुनी बजाज चेतक, वेस्पा, लॅम्ब्रेटा या सगळ्या स्कूटरची चाके अशीच. ऑटोरिक्षाच्या चारशे आठ टायरची रिमही अशीच. तिथेही दोन तऱ्हेचे नट असतात, काही चाक धरणारे, काही रिम जोडणारे. चाक छोटे, हवा कमी, म्हणून लोक बेफिकीर असतात. स्कूटरमध्ये धोका कमी आहे हे खरे, पण बोट जाण्यापुरता तो पुरेसा आहे. ज्यांच्या घरी चेतक अजून चालू आहे, आणि आपल्या गावात अशा बऱ्याच आहेत, त्यांनी मुलाला एकदा जवळ बसवून हे काम शिकवावे. रस्त्यात स्टेपनी बदलणे एवढ्यावर शिक्षण थांबवू नये.

आता दुसऱ्या प्रकाराकडे येतो. याबाबत माझे मत तितकेच स्पष्ट आहे, पण उलट.

जुन्या ट्रकच्या नऊशे वीस, हजार वीस टायरांची रिम सपाट असते आणि टायरला बाजूने एक सुटी रिंग व लॉक रिंग अडकवून धरतात. इथे नट नाहीत. ती रिंग खाचेत बसली आहे आणि हवेच्या दाबाने तिथे टिकली आहे, एवढाच तिचा आधार. खाच गंजलेली असेल, रिंग वाकलेली असेल, एका रिमची रिंग दुसऱ्या रिमवर चढवलेली असेल, तर हवा भरताना ती सुटते. जीपचा हिशेब इथे लावून पाहा. बाजूचे क्षेत्रफळ चारशे चौरस इंच आणि हवा शंभर पौंड धरली तर चाळीस हजार पौंड, म्हणजे अठरा टन. कापसाच्या एका ट्रकमध्ये साधारण शंभर गाठी जातात. त्या सगळ्या गाठींच्या वजनाएवढा रेटा एका रिंगच्या मागे असतो. अमेरिकेत कारागिरांनी अशा रिमच्या एका जातीला 'विधवा करणारी' असे नाव ठेवले होते. तिथे इतके कामगार मेले आणि जायबंदी झाले, की १९८० मध्ये सरकारने अनेक तुकड्यांच्या रिमसाठी स्वतंत्र नियम केला. पिंजऱ्यात ठेवल्याशिवाय हवा भरायची नाही. नळीला चिमटा हवा आणि माणूस लांब हवा. उतरवण्याआधी पिन काढून हवा पूर्ण सोडायची. हवा असताना रिंगला हातोडा लावायचा नाही. चिरलेला, वाकलेला भाग वेल्डिंग करून वापरायचा नाही. एका बनावटीचा भाग दुसऱ्याला लावायचा नाही. शिकवल्याशिवाय कामगाराला या कामावर ठेवायचे नाही.

ही रिम घरी, अंगणात, गोदामाच्या दारात कोणीही उघडू नये. ड्रायव्हरनेही नाही, क्लीनरनेही नाही.

परंतु इतके लिहून माझे समाधान होत नाही. घरी उघडू नका असे मी सांगितले, तुम्ही ऐकले आणि चाक हायवेवरच्या दुकानात पाठवले, म्हणजे धोका संपला का? धोका दुसऱ्याच्या मुलाकडे गेला. मुंबई-आग्रा रस्त्याने जाताना बघा. बांबूला टांगलेला टायर, एक कॉम्प्रेसर, एक पाण्याची टाकी आणि एक पोरगा. तो रिंगवर एक पाय ठेवून हवा भरतो आणि रिंग नीट बसावी म्हणून वरून हातोडा मारत राहतो. उस्तादाने त्याला तसेच शिकवले, उस्तादाला त्याच्या उस्तादाने. पाय ठेवल्याने अठरा टन थांबतात असा हा समज आहे. आमच्या गल्लीतल्या उस्तादांच्या डाव्या हाताची दोन बोटे सरळ होत नाहीत. ती कशी गेली हे इतक्या वर्षांत आम्ही कोणी विचारले नव्हते. त्या दिवशी विचारले. ते तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचे होते आणि बाहेर ट्रकवाला हॉर्न वाजवत होता.

हा हॉर्न आपला आहे, हे व्यापारी बंधूंनी मान्य करावे. माल वेळेत पोहोचला नाही तर आपण ट्रान्सपोर्टवाल्याचे भाडे कापतो, तो ड्रायव्हरला धरतो, ड्रायव्हर पंक्चरवाल्याला म्हणतो, "जल्दी कर". पिन पूर्ण काढून हवा सोडायला, रिंगची खाच घासायला, साखळी बांधायला जो अर्धा तास लागतो तो कोणाच्याच हिशेबात नसतो. कारागिराला त्याचा पैसा मिळत नाही म्हणून तो ती अर्धी मेहनत सोडून देतो. त्याला दोष देण्याआधी आपण किती मजुरी देतो ते पाहावे.

दुकानदार बंधू म्हणतील, चाळीस वर्षे विनापिंजरा काम केले, काही झाले नाही. ज्याला झाले तो हे सांगायला दुकानावर बसलेला नसतो. पिंजरा ही काही परदेशी वस्तू नाही. जाड पाइपच्या चार-पाच कमानी, खाली पट्टी, आपल्याच गावातला फॅब्रिकेशनवाला तो करून देईल. फक्त तो जमिनीला पक्का जखडू नये आणि त्याला टेकून उभे राहू नये, कारण झटका बसला तर तो पिंजऱ्यातून माणसापर्यंत येतो. चिमट्याची नळी बाजारात मिळते. आणि चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे १९८६ च्या कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीपासून सगळीकडेच गुन्हा आहे. रस्त्याकडेच्या दोन माणसांच्या दुकानात कारखान्याचा इन्स्पेक्टर येत नाही, म्हणून हा कायदा तिथे पोहोचत नाही. मुलगा घरचा आहे, काम शिकतो आहे, असे सांगितले जाते. शिकू द्या. स्कूटरच्या ट्यूबला पॅच लावायला शिकू द्या, शाळा सुटल्यावर. ट्रकच्या रिंगपासून त्याला लांब ठेवा.

काही वाचक म्हणतील, आता नवे ट्रक ट्यूबलेस रेडियल टायरांवर चालतात, त्यांची रिम एका तुकड्याची असते, रिंगचा जमाना संपत आला. बरोबर आहे, आणि म्हणूनच मला जास्त काळजी वाटते. जुने ट्रक, ट्रॉल्या, टँकर अजून रस्त्यावर आहेत, पण त्यांची चाके ज्यांना कळत होती ते उस्ताद एकेक करून चालले आहेत. नव्या पोरांचा हात यंत्रावर बसलेला आहे. वर्षातून चार वेळा रिंगचे चाक आले तर ते कसे हाताळायचे हे त्यांना कोण सांगणार? जीपवाल्या मुलासारखीच त्यांची गत होईल आणि नाक्यावर ओरडणारा म्हातारा दर वेळी असेलच असे नाही. नव्या हौशी मोटारींत दोन-तीन तुकड्यांच्या चकचकीत अलॉय रिमही दिसतात. त्यांचे छोटे बोल्ट टायर बदलण्यासाठी उघडायचे नसतातच. टायर यंत्रावरच बदलायचा आणि बोल्टांना हात लावायचा नाही. हेही कोणीतरी त्या मुलांना सांगितले पाहिजे.

जीपची बाकीची तीन चाके त्या मुलाने पुढच्या दोन शुक्रवारी स्वतः उघडली. उस्ताद स्टुलावर बसून फक्त बघत होते. एका रिमला बोल्टाच्या भोकाशी चीर निघाली. वडील म्हणाले वेल्डिंग करून घेऊ, मुलगा नाही म्हणाला आणि ती रिम भंगारवाल्याला देताना त्याने तिचा मधला भाग कापून दिला, म्हणजे कोणी पुन्हा गाडीला लावू नये. त्यानंतर मी माझा माल नेणाऱ्या तिन्ही ट्रान्सपोर्टवाल्यांना निरोप दिला, की रिंगच्या टायरचे काम पिंजरा असलेल्या दुकानातच करावे, त्यासाठी गाडी अर्धा-एक तास उशिरा आली तर भाडे कापणार नाही आणि जास्तीची मजुरी माझ्या खात्यावर लिहावी. दोघांनी होकार दिला. तिसरे हसले. त्यांच्याशी बोलणे चालू आहे.